मत्स्यपेटीतील हिरवळ

काचेच्या मत्स्यपेटीच्या तळाशी जी आखूड, दाट हिरवळ लावतात, तिला गवत म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः इलिओकॅरिस ही वनस्पती गवताच्या नव्हे, लव्हाळ्याच्या कुळातील होय. पाठाचा आरंभ येथूनच करावा. शेतातील लव्हाळा खणून त्याची मातीखाली धावणारी खोडे मुलांस दाखवावीत. ज्या गुणामुळे शेतकरी लव्हाळ्यापुढे हात टेकतो, त्याच गुणामुळे पेटीत हिरवळ पसरते. शिवाय केसांसारखी दिसणारी तिची पाती ही पाने नसून खोडेच होत. पाने बुडाशी केवळ आवरणरूपाने उरलेली असतात. अन्न तयार करण्याचे काम ही हिरवी खोडे करतात. मुलांना हे सहसा पटत नाही. भिंग हाती द्यावे.

चाळलेल्या मातीच्या पातळ थरावर २ इंच धुतलेली बारीक वाळू पसरावी. रोपाच्या लहान जुड्या करून चिमट्याने इंच-इंच अंतरावर खोवाव्यात. लगेच पाणी भरल्यास जुड्या तरंगतात आणि शिक्षकाचा उत्साहही ओसरतो. म्हणून प्रथम वाळू केवळ ओलसर ठेवून पेटी काचेने झाकावी. काही आठवड्यांनी मुळे धरली म्हणजे वाळूवर बशी ठेवून तीवर सावकाश पाणी ओतावे. पेटी उन्हात ठेवू नये, शेवाळ माजते. दिव्याचा ८ तास प्रकाश पुरे. मासे सर्वांत शेवटी सोडावेत. दर शनिवारी नवे फुटवे मुलांकडून मोजवून घ्यावेत.

छाटलेले तुकडे ओढ्यात वा विहिरीत टाकू नयेत, तेथे ते रुजू शकतात. उन्हात वाळवून खतखड्ड्यात टाकावेत.