उसनं नाव

परभणीत जिंतूर रोडवरच्या एका क्लासचे नऊ पीसी मी सांभाळायचो. जिल्ह्यात तालुके नऊ, म्हणून पीसींना नावंही तीच: सेलू, पालम, पूर्णा वगैरे. एकावर लिनक्स बसवून त्या डिस्कच्या नकला बाकी आठांत उतरवल्या. प्रत्येकापुढे बसून नाव टाकायचा कंटाळा. म्हणून 'ईटीसी' फोल्डरातली 'होस्टनेम' फाइल कोरीच ठेवली आणि नावं राउटरच्या यादीत, प्रत्येकाच्या मॅक पत्त्यापुढे, भरली.

राउटरमधलं डीएचसीपी आयपी पत्ता देतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच निरोपात नावही येऊ शकतं: 1997च्या आरएफसी 2132 मधला पर्याय क्रमांक 12. पीसीवर नाव लिहिलेलं नसेल किंवा नुसतं 'लोकलहोस्ट' असेल, तर लिनक्सवरचा नेटवर्कमॅनेजर हे आलेलं नाव लावून टाकतो. मला ही सोय भलतीच आवडली होती.

पावसाळ्यात राउटर जळाला. नव्यात यादी भरताना पालम आणि पूर्णा यांचे मॅक पत्ते माझ्याच हातून उलटे पडले. इंटरनेट चालू, प्रिंटर चालू, कुणाला पत्ता नाही. पण रात्रीचा बॅकअप पीसीच्या नावाच्या फोल्डरात जायचा, आणि बॅकअप घेणाऱ्या आरसिंकला मी 'डिलीट' लावलं होतं: पीसीवर नसेल ते बॅकअपमधूनही पुसायचं. दोघांचे बॅकअप एकमेकांच्या फोल्डरात जाऊन बसले.

इथवर काहीच गेलं नव्हतं. मग पालमची डिस्क बसली. नवी टाकून 'पालम' फोल्डरातलं सगळं, न बघता, तिच्यावर उतरवलं. ते निघालं पूर्णेचं. त्याच रात्री तेच 'पूर्णा' फोल्डरातही गेलं आणि पालमच्या मुलांच्या कामाची शेवटची प्रत पुसली गेली.

नकलेतून पीसी उभा केलात की पहिल्यांदा 'सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम' देऊन पुढे नाव लिहा. ते फाइलीत कायमचं बसतं. डेबियन, उबुंटूवर 'होस्ट्स' फाइलीतली 127.0.1.1 ची ओळही बदला, नाहीतर सुडो कुरकुरतो. राउटरचं नाव मुळीच नको असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फिग फाइलीत 'मेन'खाली 'होस्टनेम-मोड' 'नन' करा.

आणि बॅकअप लावण्याआधी राउटर बंद करून पीसी रिस्टार्ट करा. टर्मिनलवर पीसीच्या नावाऐवजी 'लोकलहोस्ट'सारखं काही दिसलं, तर नाव अजून राउटरच्याच खिशात आहे.