गाडी किती बसते ते आधी बघ

तू पाठवलेला व्हिडिओ काल रात्री तीनदा पाहिला गं. दगडावर चढताना तुझ्या रिमोटवरच्या क्रॉलर गाडीचं पुढचं डावं चाक उचलतं, गाडी कुशीवर पडते, आणि खाली तुझा प्रश्न: "ताई, कुठल्या स्प्रिंगा मागवू?" एकही मागवू नकोस. निदान रविवारी भेटेपर्यंत तरी.

मीही हेच करून बसले होते. एक-दशांश मापाची गाडी घेतली आणि पहिल्याच महिन्यात मिळाल्या त्यातल्या सगळ्यात मऊ स्प्रिंगा आणि शॉकमध्ये सगळ्यात पातळ तेल घातलं. जितकी मऊ तितकी पकड जास्त, असं माझं गणित. घरात उशांवरून गाडी अशी अलगद जायची की बघत राहावं. मग वेताळ टेकडीवरच्या खाणीत नेली. आडव्या उतारावर चार-पाच फूट गेली नसेल, तोच खालच्या बाजूला कलली आणि थेट टपावर. वजन जिकडे जाऊ नये तिकडेच मऊ स्प्रिंगा ते ओततात, हे तिथे कळलं.

म्हणून आधी बसकण बघ. बॅटरी घाल, बॉडी चढव, गाडी सपाट फरशीवर ठेव. हाताने दाबून सोड, थांबली की फरशीपासून चॅसिसपर्यंत पट्टी लाव. मग चॅसिस हळूहळू उचल, चाकं फरशीवरून सुटायच्या बेतात आली की पुन्हा मोज. या दोन मापांतला फरक म्हणजे तुझी बसकण. मी तिला एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत ठेवते. उभी असतानाच शॉक पूर्ण ताणलेला असेल, तर खळग्यात चाक उतरायला जागाच उरत नाही, ते हवेत लटकतं. बसकण शॉकवरच्या कॉलरने थोडी कमी-जास्त करता येते. कॉलर अगदी टोकाला नेऊनही जमलं नाही, तरच स्प्रिंगेचा विचार.

नेहमी तेच डावं चाक उचलतं ना? मग दोष दगडाचा नाही. पुढची चाकं भिंतीला टेकव, थ्रॉटल हलकाच द्यायचा, आणि चॅसिसकडे बघ. ती एका बाजूला झुकेल. ड्राइव्हशाफ्टचा पीळ चॅसिसमध्ये उतरतो, त्याचं हे काम. जी मागची बाजू दबते तिथली कॉलर एखादा फेरा घट्ट कर, मग पुन्हा भिंत. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहून ठेवायचा. ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ मध्ये हा त्रास कमी जाणवतो, कारण तिच्या पोर्टल ॲक्सलमध्ये वेग कमी करणारे गिअर चाकाजवळ असतात आणि शाफ्टवरचा पीळ तितका हलका होतो. पण म्हणून नवी गाडी घ्यायची नाही हं! तुझ्या सध्याच्या गाडीनेही हा चढ चढता येतो.

तेलाबद्दल तुझा मोठा गैरसमज आहे. तेल गाडीला उचलून धरत नाही, ते काम स्प्रिंगेचं. तेल फक्त ठरवतं की शॉक किती वेगाने दबेल आणि परत येईल. क्रॉलर चालतो गोगलगाईच्या गतीने, त्यामुळे तेलाचा फरक आपल्याला वाटतो त्याहून कमी असतो. भरताना मात्र घाई नको: शॉक उभा धरून दांडा हळूहळू खालीवर कर आणि बुडबुडे वर यायला पाच-दहा मिनिटं दे. मी एकदा न थांबता टोपण लावलं आणि त्या शॉकमधून पचपच आवाज येत राहिला.

आता खरी गंमत सांगते. स्प्रिंगेवर जे ठेवशील त्याने स्प्रिंग दबते. ॲक्सलवर किंवा चाकात जे ठेवशील, ते तिला कळतही नाही. म्हणून पुढच्या नकल्सवर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या सांध्यांवर, पितळी वजनं बसवतात. गाडी जमिनीला धरून राहते, चढावर पुढची चाकं हलकी पडत नाहीत, आणि बसकणही बिघडत नाही. तुझी बॅटरी मागे, उंचावर आहे. ती पुढे आणि शक्य तितकी खाली आण, त्यात खर्च शून्य.

आणि व्हिडिओत टपावर दिसतोय तो कॅरियर, त्यावरचे इवलेसे डबे, कुदळ, सुटं चाक. दिसतं गोड, मी काही म्हणणार नाही. पण रविवारी येताना ते घरी ठेवून ये.