हाडाची परांची

मोडलेले हाड सहसा आपोआप सांधते. परंतु अपघातात त्याचा मोठा तुकडाच नष्ट झाल्यास ती पोकळी भरून येत नाही. रोग्याच्याच कंबरेच्या हाडाचा तुकडा तेथे बसवितात खरा; पण त्यासाठी त्याला दुसरी जखम सोसावी लागते.

यावर उपाय म्हणून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधन चालू आहे. जिलेटिनात हाडातील खनिजाचे सूक्ष्म कण मिसळून मुद्रणयंत्राने थरावर थर रचितात व सच्छिद्र सांगाडा घडवितात. छिद्रे सुमारे ०.१ मिलिमीटरहून मोठी असली, म्हणजे पेशी व रक्तवाहिन्या आत शिरतात.

भिंत पक्की झाल्यावरच गवंडी परांची उतरवितो. तद्वतच हा सांगाडा नवे हाड बळकट होईपर्यंत टिकून मग विरून गेला पाहिजे. लवकर विरल्यास आधार जातो. फार उशीर झाल्यास नव्या हाडाला जागा मिळत नाही. हा मेळ साधणे हीच खरी कसोटी होय.