कपाटातल्या टेप्स आणि आपलं सिग्नल्सचं जर्नल

पीएलमधली गोष्ट. सिग्नल्सच्या पेपरला चार दिवस उरले होते आणि रात्री दोन वाजता मी पुस्तक मिटून, हेडफोन लावून बसलो होतो. रूममेटनं एक बाजू ओढून घेतली, दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाला, "अरे, हा तर आपल्या मेसच्या फ्रीजचा आवाज! यासाठी अभ्यास सोडलास?"

खरं सांगायचं तर पहिल्या वेळी मलाही तसंच वाटलं होतं. पण तो 'फ्रीज' १९६९ साली अहमदाबादमध्ये, एका भल्यामोठ्या मशीनमधून, वायरी लावून काढलेला आवाज होता. आणि पुढच्या चार दिवसांत जे दोन चॅप्टर माझ्या डोक्यावरून गेले होते, ते मला त्याच आवाजानं समजावले. म्हणून हा लेख. संगीताची परीक्षा घ्यायची नाही, कुणाला शहाणं करायचं नाही. एक संग्रह कसा ऐकायचा, एवढंच सांगायचं आहे.

आधी थोडी हकीकत

अहमदाबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, म्हणजे एनआयडी, १९६१ साली सुरू झाली. तिच्या उभारणीत गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांचा मोठा वाटा. त्यांचे भाऊ विक्रम साराभाई आपल्याला रॉकेटमुळे माहीत आहेत. पण त्यांच्या बहीण गीता साराभाई आपल्यापैकी फार कुणाला माहीत नसतात. त्या पखवाज वाजवत. १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि तिथं जॉन केज नावाच्या संगीतकाराकडे पाश्चात्त्य संगीत शिकल्या. फी काय? तर त्यांनी केजला भारतीय संगीत शिकवायचं. पैशांचा व्यवहार नाही, विद्येच्या बदल्यात विद्या.

या ओळखीच्या धाग्यानं १९६९ मध्ये केजचा जवळचा सहकारी डेव्हिड ट्यूडर अहमदाबादला आला. हा मूळचा पियानोवादक. १९५२ साली केजची ती प्रसिद्ध रचना, जिच्यात वादक चार मिनिटं तेहेतीस सेकंद एकही सूर वाजवत नाही, ती पहिल्यांदा 'वाजवणारा' हाच. त्यानं एनआयडीत मूग कंपनीचा मॉड्युलर सिंथेसायझर आणि टेपरेकॉर्डर असा स्टुडिओ उभा करून दिला. इस्रोची स्थापना १५ ऑगस्ट १९६९ ची. म्हणजे एकाच वर्षात, एकाच घरातल्या भावंडांच्या दोन वेड्या कल्पना मूर्त झाल्या. त्यातली एक आकाशात गेली, दुसरी कपाटात.

कारण १९७२ पर्यंत काम झालं आणि मग थांबलं. टेप्स संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. कित्येक दशकांनी पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराला त्या सापडल्या. त्यानं त्यावर २०२० मध्ये बीबीसी रेडिओसाठी 'इलेक्ट्रॉनिक इंडिया' हा माहितीपट केला आणि २०२३ मध्ये 'द एनआयडी टेप्स : इलेक्ट्रॉनिक म्युझिक फ्रॉम इंडिया १९६९–१९७२' हा संग्रह बाहेर आला. त्यात ट्यूडर आहे, गीता साराभाई आहेत, आणि आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा ही मंडळी आहेत. आता बोला, आपल्या किती पाठ्यपुस्तकांत यांची नावं आहेत?

धडा पहिला : फीडबॅक

संग्रहात ट्यूडरचा एक तुकडा आहे, त्याचं नावच 'टेप फीडबॅक विथ मूग'. नाव म्हणजेच ब्लॉक डायग्राम. टेपरेकॉर्डरमध्ये रेकॉर्ड करणारं हेड आधी आणि वाजवणारं हेड थोडं पुढे असतं. टेप पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला जो वेळ लागतो, तो डिले. समजा दोन हेडमध्ये २ इंच अंतर आहे आणि टेप सेकंदाला १५ इंच धावते, तर डिले सुमारे ०.१३ सेकंद. वेग निम्मा केला की डिले दुप्पट. आता वाजलेला आवाज परत रेकॉर्डिंगला जोडा. झाला लूप!

दर फेरीत आवाज ०.८ पट होत असेल, तर दहा फेऱ्यांनंतर तो साधारण एक दशांश उरतो आणि विरून जातो. गेन १ च्या वर गेला की मात्र तो वाढतच जातो आणि सर्किट स्वतःच ओरडायला लागतं. गॅदरिंगला माईक स्पीकरसमोर धरल्यावर जी किंचाळी ऐकू येते, ती हीच. स्टॅबिलिटीच्या चॅप्टरमध्ये आपण पोल युनिट सर्कलच्या आत की बाहेर, हे घोकतो. इथं माणूस एका नॉबवर बोट ठेवून त्या सर्कलच्या काठावर उभा आहे. ऐकताना एवढंच लक्ष ठेवा : आवाज विरतोय की वाढतोय? काठ कधी ओलांडला?

धडा दुसरा : एक व्होल्ट, एक सप्तक

मूगची मुख्य युक्ती म्हणजे व्होल्टेजनं सगळं चालवणं. ऑसिलेटरला १ व्होल्ट जास्त दिला की फ्रिक्वेन्सी दुप्पट, म्हणजे सूर एक सप्तक वर. २२० चे ४४०, ४४० चे ८८०. नातं सरळ रेषेचं नाही, घातांकी आहे. कारण आपला कानही तसाच ऐकतो. सप्तकाचे बारा समान भाग केले, तर एका सुराला सुमारे ८३ मिलिव्होल्ट येतात. हा घातांक ट्रान्झिस्टरकडून मिळतो, आणि ट्रान्झिस्टर तापमानाला किती हळवा असतो हे आपण प्रॅक्टिकलला पाहिलंय. म्हणजे खोली तापली की सूर सरकणार. अहमदाबादच्या उन्हाळ्याचा विचार तुम्हीच करा.

माथुर यांच्या एका तुकड्याचं नाव 'माय बर्ड्स'. ऑसिलेटरचा पक्षी कसा होतो? व्होल्टेज एकदम चढवून लगेच उतरवायचं. फ्रिक्वेन्सी सेकंदाच्या दहाव्या भागात २००० वरून ४००० वर उडाली आणि परत आली, की चिवचिव. म्हणजे पक्षी सुरात नसतो, सूर किती वेगानं बदलतो त्यात असतो. हे वाक्य मी जर्नलच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय.

धडा तिसरा : न छेडलेला गंधार

माथुर यांचाच आणखी एक तुकडा आहे, 'वन्स आय प्लेड अ तानपुरा'. इथं थांबा, कारण आपल्या घरची गोष्ट आहे. तानपुरा चांगला लागला की पंचम आणि षड्जाच्या तारांतून गंधार ऐकू येतो, जो कुणी छेडलेलाच नसतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मला हे दैवी वगैरे वाटायचं. पण बघा : षड्ज १०० हर्ट्झचा धरला, तर त्याचे हार्मोनिक २००, ३००, ४००, ५००. २०० आणि ४०० म्हणजे वरचे सा, ३०० म्हणजे पंचम, आणि ५०० म्हणजे गंधार! फुरिए सिरीज, दुसरं काही नाही. जवारीमुळे हे वरचे हार्मोनिक ठळक होतात, म्हणून ते कानाला सापडतात.

आणखी एक गंमत. या गंधाराचं षड्जाशी प्रमाण १.२५. सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या कीबोर्डवरचा गंधार येतो १.२६. फरक किरकोळ, पण कान लावला तर टोचतो. आपल्याकडचे जाणकार पेटीवर नाराज का असत, याचं उत्तर या दुसऱ्या दशांश स्थळात आहे.

मूगच्या ऑसिलेटरची सॉटूथ वेव्हही हार्मोनिकनं भरलेली असते, आणि तिच्यापुढे असतो प्रसिद्ध लॅडर फिल्टर, दर सप्तकाला २४ डेसिबलनं कापणारा. मूगला त्याचं पेटंट मिळालं तेही १९६९ मध्येच. हा फिल्टर हळूहळू उघडत नेला की एकेक हार्मोनिक पडद्याआडून बाहेर येतो. बोडे प्लॉट म्हणजे कागदावरची घसरगुंडी नव्हे, तो ऐकू येतो, हे मला तेव्हा कळलं.

मग सगळंच छान आहे का?

नाही. प्रामाणिकपणे सांगतो, काही तुकडे मला कंटाळवाणे वाटले. वाटणारच, कारण त्यातले पुष्कळसे म्हणजे शिकणाऱ्यांची जर्नलं आहेत. नवीन यंत्र हाती आलं, हे बटण दाबून बघू, ती वायर तिकडे लावून बघू. पण त्यातच शर्मांचं 'डान्स म्युझिक' येतं आणि पाय हलायला लागतो. लक्षात घ्या, डेट्रॉईटमध्ये टेक्नो जन्मलं ते १९८० च्या दशकात. आणि जोशीपुरा हा तर वास्तुकलेचा विद्यार्थी. त्याच्या रचनेचं नाव 'स्पेस लायनर २००१'. तो ज्या २००१ कडे डोळे लावून बसला होता, ते आपल्या बॅचमधल्या बहुतेकांच्या जन्माआधीच होऊन गेलं. त्याच्या भविष्याच्या पलीकडे बसून आपण त्याला ऐकतोय.

ऐकायचं कसं?

माझी पद्धत सांगतो, पटली तर घ्या. पहिल्यांदा लाइट बंद करून, मोबाईल लांब ठेवून एक तुकडा पूर्ण ऐका. आवडला नाही तरी पुढे ढकलू नका. दुसऱ्या वेळी वही घ्या आणि तीन रकाने आखा : आवाज कशाचा आहे, त्यात काय बदलतंय, आणि तो बदल कोण करतंय (माणसाचा हात, टेप, की दुसरा ऑसिलेटर). तिसऱ्या वेळी, आणि तेव्हाच, त्याबद्दल वाचा. आधी वाचलं की कान पुस्तकाचंच ऐकतात.

मग स्वतः करून बघा. ऑडॅसिटी फुकट आहे. १०० हर्ट्झची सॉटूथ तयार करा, लो-पास फिल्टर आधी ३००, मग ६०० ला लावा आणि गंधार कधी येतो ते शोधा. वायरी जोडायची हौस असेल तर व्हीसीव्ही रॅकची फुकट आवृत्ती घ्या. पन्नास वर्षांपूर्वी जे यंत्र साता समुद्रापलीकडून आणावं लागलं, त्याची नक्कल आज रूममधल्या लॅपटॉपवर चालते.

शेवटी एक कबुली

आपल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये एक काका होते. गुरुवारी भांडी घासून झाली की ते मागच्या ओट्यावर बसून भजन म्हणायचे. सेकंड इयरला मी त्यांचं जवळजवळ तासभर रेकॉर्डिंग केलं होतं. ते ज्या हार्ड डिस्कवर होतं, ती मी थर्ड इयरला, मिनी प्रोजेक्टच्या गडबडीत, न बघता फॉरमॅट केली. "परत करू की रेकॉर्ड," असं तेव्हा मनात म्हटलं. काका दिवाळीला गावी गेले ते परत आलेच नाहीत. जानेवारीत त्यांच्या मुलाचा फोन आला.

एनआयडीच्या टेप्स कुणी फार जपल्या असतील असं नाही. पण कुणीतरी त्या फेकल्या नाहीत, पुसल्या नाहीत, त्यांच्यावर दुसरं काही रेकॉर्ड केलं नाही. एवढ्या एका गोष्टीमुळे पन्नास वर्षांनी त्या माझ्यापर्यंत आल्या. म्हणून मित्रांनो, एक विनंती. लॅबमधली जुनी जर्नलं, गॅदरिंगच्या सीडी, सिनिअरांचे प्रोजेक्ट रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. लेबल लावा, तारीख टाका, दुसरी कॉपी ठेवा.

सिग्नल्सचा पेपर मी पास झालो, रूममेटही झाला. तो अजूनही त्याला फ्रीजच म्हणतो. पण परवा रात्री मेसमध्ये पाणी प्यायला गेलो, तेव्हा तो फ्रीजला कान लावून उभा होता. मला बघून म्हणाला, "ऐक ना, यात पंचम आहे रे."