गटाचा पासवर्ड, दुसऱ्याचा कॉम्प्युटर

तायांनो, गटाच्या खात्याचं काम कधी संघाच्या, कधी सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर करावं लागतं. पासवर्ड टाकला की कॉम्प्युटर विचारतो, ‘सेव्ह करू का?’ सेवा केंद्रात ‘नाही’च म्हणा, नाहीतर नंतर बसणाऱ्याला आपलं खातं आयतं उघडून मिळेल. काम झालं की लॉगआउट करूनच उठा.

बँकेची साइट दरवेळी शोधू नका. शोधताना खोटी साइटही समोर येते. खरा पत्ता शाखेतून लिहून आणा आणि संघाच्या कॉम्प्युटरवर बुकमार्क करा. बुकमार्कमध्ये फक्त पत्ता असतो, पासवर्ड नाही.

पासवर्ड ठराव वहीत लिहू नका, ओटीपी कुणालाच सांगू नका. फसवणूक झालीच, तर लाजू नका. लगेच १९३० वर फोन करा. उशीर झाला की पैसे अडवणं अवघड होतं.