उशिरा आलेली पहिली कादंबरी : र. वा. दिघे आणि वयाचा प्रश्न

कादंबरीचा इतिहास अभ्यासताना आपण पहिल्या कादंबरीचे साल नोंदवतो. त्या वेळी लेखकाचे वय किती होते, हे सहसा पाहत नाही. ह. ना. आपटे यांचा जन्म १८६४ चा आणि ‘मधली स्थिती’ १८८५ मधली. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली तेव्हा ते पंचविशीत होते. अशा ठळक उदाहरणांमुळे पहिली कादंबरी हे तारुण्याचेच काम आहे, असा समज रूढ होतो. त्याला छेद देणारे उदाहरण खालापूर तालुक्यात आढळते.

रघुनाथ वामन दिघे यांचा जन्म १८९६ मध्ये कल्याण येथे झाला. कायद्याचे शिक्षण घेऊनही त्यांचे मन वकिलीत रमले नाही आणि खोपोलीजवळच्या विहारी येथे ते शेती करू लागले. ‘पाणकळा’ ही त्यांची पहिली कादंबरी १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. पुढे ‘सराई’, ‘आई आहे शेतात’, ‘पड रे पाण्या’ या कादंबऱ्या आल्या. ही शीर्षकेच पाहा. पाणकळा म्हणजे पावसाचे दिवस, सराई म्हणजे हंगाम. बोरघाटाच्या पायथ्याशी, पाताळगंगेच्या खोऱ्यात किंवा शेजारच्या कर्जत तालुक्यात उल्हासकाठी, भाताचे पीक पावसावर उभे असते. राब भाजून पेरणीची वाट पाहायची, लावणीच्या वेळी पावसाने दडी मारली की वर्ष गेले. हे ज्ञान सहलीला आलेल्या लेखकाला होत नाही. त्यासाठी अनेक पावसाळे शेताच्या बांधावर काढावे लागतात. उशिरा लिहिण्याचा दिघ्यांना झालेला लाभ तो हाच.

तथापि येथे सावधपणे निष्कर्ष काढावा. दिघ्यांच्या कादंबऱ्यांत शेतीजीवनाचे तपशील अस्सल आहेत, पण कथानकाची घडण बरीचशी अद्भुतरम्य आहे : साहस, संघर्ष, उत्कट प्रेम. सामग्री प्रौढ, साचा मात्र तरुण! वयाने अनुभव दिला. रूपाचा प्रश्न त्याने आपोआप सुटला नाही. म्हणून ‘उशिरा लिहिले म्हणून परिपक्व’ हे विधान ‘तरुण म्हणून ताजे’ या विधानाइतकेच तपासून घ्यावे लागते.

हा प्रश्न पुरस्कारांच्या संदर्भात अधिक स्पष्ट होतो. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी आहे. महाराष्ट्र शासन पहिल्या कादंबरीला श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा पुरस्कार देते. त्याला वयाची अट नाही. (१९१३ मध्ये जन्मलेल्या पेंडशांची ‘एल्गार’ १९४९ ची. म्हणजे युवा पुरस्काराच्या कसोटीवर ते स्वतःच वयाने बाद ठरले असते.) इंग्लंडमध्ये मात्र उलट दिशेनेही विचार झाला. तेथील लेखकसंघाचा मॅकिटरिक पुरस्कार चाळिशी उलटलेल्या लेखकाच्या पहिल्या कादंबरीला मिळतो, तर पॉल टॉर्डे यांच्या स्मरणार्थ २०१९ पासून दिला जाणारा पुरस्कार साठी ओलांडलेल्यांसाठी आहे. टॉर्डे यांची पहिली कादंबरी त्यांच्या वयाच्या साठीच्या सुमारास, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. दिघे यांपैकी पहिल्या पुरस्काराला पात्र ठरले असते, दुसऱ्याला नाही.

अशा पुरस्कारामागची भूमिका नीट समजून घ्यावी. वय हा वाङ्मयीन निकष नव्हे. परंतु शेती, नोकरी, घरातील आजारपणे, मुलांचे शिक्षण यांत ज्यांची लिहिण्याची वर्षे खर्ची पडली, विशेषतः ज्या स्त्रियांची पडली, त्यांच्या हस्तलिखिताकडे प्रकाशक व परीक्षक ‘आता काय नवे देणार’ या दृष्टीने पाहत असतील, तर गुणवत्तेची तुलना होण्याआधीच निकाल लागलेला असतो. पुरस्काराने ते हस्तलिखित वाचले जाते, एवढेच. प्रस्तुत लेखकाला एवढेही पुरेसे वाटते.

स्वयं-अध्ययन : ‘पाणकळा’ मिळवून वाचा. त्यातील कोणते तपशील दीर्घ अनुभवाशिवाय लिहिता आले नसते आणि कोणते प्रसंग केवळ वाचनातून आले असावेत, याची कारणांसह सुमारे दोनशे शब्दांत चर्चा करा.