घरातील संचायक घट आणि प्रभारकाची निवड

बंगळूरच्या यशवंतपूरसारख्या उपनगरातील एखाद्या घराचा खण उघडून पाहिला, तर घड्याळाचा, रिमोटचा, विजेरीचा आणि मुलांच्या खेळण्यातील मोटारीचा, असे नाना प्रकारचे विद्युत् घट त्यात एकत्र पडलेले आढळतात. या सर्वांना मिळून एकच प्रभारक, म्हणजे व्यवहारातील ‘चार्जर’, पुरेल काय? घटाचा आकार पाहून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. त्याच्या आत कोणते रसायन आहे, हे आधी पाहावे लागते.

ज्याला आपण पेन्सिल सेल म्हणतो, तो सुमारे १४.५ मिलिमीटर व्यासाचा व ५० मिलिमीटर लांबीचा असतो. याच मापात निदान तीन भिन्न घट बाजारात मिळतात. १.५ व्होल्टचा अल्कलाइन घट एकदाच वापरावयाचा असतो. तो प्रभारित करू गेल्यास आत वायू साचून क्षार बाहेर पाझरतो. निकेल-मेटल हायड्राइड घटाचा दाब १.२ व्होल्ट, तर लिथियम-आयन घटाचा सुमारे ३.७ व्होल्ट असतो.

पुढील दोन्ही घट पुन्हापुन्हा भरता येतात, परंतु ‘पुरे’ असे सांगण्याची त्यांची रीत निराळी आहे. निकेल घट भरत आला की त्याचा दाब कळसास पोहोचून काही सहस्रांश व्होल्टने किंचित उतरतो व घट तापू लागतो. चांगला प्रभारक ही खूण ओळखून प्रवाह तोडतो. लिथियम घटात अशी उतरण येतच नाही. त्याला बहुधा ४.२ व्होल्टपर्यंत नेऊन, तोच दाब स्थिर राखून, प्रवाह क्षीण होताच थांबावे लागते. ही मर्यादा ओलांडली तर घट फुगतो, प्रसंगी पेटतोही. म्हणून केवळ खाचेत बसतो एवढ्यावरून लिथियम घट निकेलच्या प्रभारकात कदापि घालू नये.

यशवंतपूरलगतच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत् रसायनशास्त्राचे सखोल संशोधन चालते. ग्राहकाला मात्र वेष्टनावरील चार शब्द वाचले तरी पुरे. मिश्र घट असलेल्या घरी दोन्ही रसायनांचा स्पष्ट उल्लेख असलेला आणि प्रत्येक खाच स्वतंत्रपणे तपासणारा प्रभारक घ्यावा. स्वस्त प्रभारक घटांच्या जोड्या करून भरतात. त्यात अर्धा भरलेला घट रित्या घटाबरोबर बसला, तर एक अतिप्रभारित होतो व दुसरा अपुरा राहतो. प्रवाह निवडण्याची सोयही असावी. २००० मिलिअँपिअर-तासांचा घट ५०० मिलिअँपिअर प्रवाहाने साडेचार-पाच तासांत भरतो. ८०० च्या लहान घटास तोच प्रवाह जरा जास्त होतो. उलट, फारच मंद प्रवाहात दाबाची ती उतरण इतकी पुसट होते की, प्रभारकाला ती कळतही नाही.

अलीकडे १.५ व्होल्ट देणारे लिथियम पेन्सिल सेलही आले आहेत. त्यांच्या आत दाब उतरवणारे लहानसे मंडल असते. ते त्यांच्यासोबत आलेल्या प्रभारकावरच भरावेत. इन्व्हर्टरची शिसे-आम्ल घटमाला इन्व्हर्टरच भरतो, तिचा येथे विचार नको.

जुना निकेल घट दहा मिनिटांतच ‘पूर्ण भरला’ असे दिसले, तर त्याचा अंतर्गत रोध वाढला आहे, असे समजावे. तो नव्या घटांच्या जोडीने वापरू नये.